६० तासांत नागरिकशास्त्र कसे शिकवावे?

प्रश्न : वर्गाबाहेर

नमस्कार. मी पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात समुदाय सहभागाचा २ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) भाग आला आणि विभागात मी सर्वांत कनिष्ठ असल्यामुळे तो रीतीप्रमाणे माझ्या पदरात पडला. दोन श्रेयांक म्हणजे ६० तास. विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर पडावे, समाजाशी संबंध जोडावा आणि त्यातून नागरिक म्हणून काही शिकावे, अशी अपेक्षा आहे. अपेक्षेबद्दल माझी तक्रार नाही. गेल्या वर्षी आम्ही तिचे जे केले त्याबद्दल आहे.

आम्ही मुळा नदीच्या काठी एक सकाळ प्लास्टिक गोळा केले, मतदार जागृतीची फेरी काढली आणि जवळच्या एका वस्तीत घरोघर पाहणी केली. अक्षांश-रेखांश उमटलेली छायाचित्रे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत लागली, मुलांना गुणही मिळाले. मात्र पाहणीच्या दुसऱ्या दिवशी दारात लसूण सोलत बसलेल्या एका मावशींनी आमच्या विद्यार्थिनीच्या हातातला कागद पाहिला आणि त्या म्हणाल्या, "मागच्या साली पण पोरी आल्या होत्या. नळ किती वाजता येतो, संडास किती लांब, हेच सगळं लिहून नेलं. त्याचं पुढं काय झालं गं?" तिने माझ्याकडे पाहिले. मी काहीतरी पुटपुटले, त्याला उत्तर म्हणता येणार नाही.

परत आल्यावर विभागातले लोखंडी कपाट उघडले. आदल्या वर्षीचा अहवाल तिथेच होता : ११२ घरे, स्पायरल बाइंडिंग, रंगीत आलेख, शेवटी आभार. तो महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर कधी गेलाच नव्हता.

यंदा तसे होऊ नये असे वाटते. ६० तासांत बसेल, दानधर्म किंवा देखावा ठरणार नाही आणि ज्यातून मुलांना शहराचा कारभार खरोखर कळेल, असे काम कोणते? त्याचे मूल्यमापन कसे करावे? प्राचार्यांची अट एकच आहे, "त्यात राजकारण नको." राज्यशास्त्राच्या शिक्षिकेने ही अट कशी पाळावी, तेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद : निवृत्त उपअभियंता

मॅडम, मी महापालिकेत तीसेक वर्षे काढली, त्यांतली बरीचशी क्षेत्रीय कार्यालयात. विद्यार्थ्यांचे गट आमच्याकडे येत ते साहेबांची मुलाखत घ्यायला. "महापालिकेची कामे कोणती?" असे ते विचारत, आम्ही शाळेच्या पुस्तकातलेच उत्तर त्यांना परत देत असू, चहा होई, फोटो होई. "आमच्या फाटकासमोरचा पदपथ नेमका कोणाच्या ताब्यात आहे?" असे विचारत आलेला एकही गट मला आठवत नाही.

माझी सूचना अशी की मुलांना एकच गोष्ट द्यावी आणि ती शक्य तितकी लहान असावी. फाटकापासून बसथांब्यापर्यंतचा पदपथच घ्या. टेप घेऊन तो मोजावा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मुलांना दिसेल की रुंदी नकाशात आहे, पण प्रत्यक्षात मधोमध विजेचा फीडर पिलर (जोडण्यांची लोखंडी पेटी) उभा आहे, पुढे एका सोसायटीने गाडी चढवण्यासाठी सिमेंटचा उतार बाहेर काढला आहे आणि कडेचा दगड एवढा उंच आहे की काठी टेकत येणारे आजोबा सरळ रस्त्यावरूनच चालतात. मग प्रश्न येतो, हे सांगायचे कोणाला? रस्ता १२ मीटरपेक्षा अरुंद असेल तर क्षेत्रीय कार्यालयाला, रुंद असेल तर पथ विभागाला. खालचे चेंबर मलनिःसारण विभागाचे, वरचा दिवा विद्युत विभागाचा, फीडर पिलर महावितरणचा, पथारी अतिक्रमण विभागाकडे. तीन पावलांत पाच खाती. मुले पहिला अर्ज हमखास चुकीच्या खात्याला देतील. देऊ द्यावा. तो "संबंधित विभागाकडे वर्ग" असा शेरा घेऊन फिरत राहील, आणि त्या शेऱ्याचा अर्थ ज्या दिवशी मुलांना कळेल त्या दिवशी त्यांचा अर्धा अभ्यासक्रम झाला असे समजावे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची, आणि तिच्याकडे महाविद्यालये अजिबात पाहत नाहीत. पुणे महापालिकेत २००६ पासून सहभागी अर्थसंकल्पाची पद्धत आहे. नागरिकांनी आपल्या प्रभागातली छोटी कामे सुचवायची. पदपथाची दुरुस्ती, दिवे, बाक, बसथांबा अशी. एका कामाला साधारण ५ लाख रुपयांची मर्यादा. हे अर्ज बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागवले जातात. तुमचे सत्र जूनअखेर-जुलैत सुरू होते. म्हणजे जुलैत मोजणी, ऑगस्टमध्ये रहिवाशांशी बोलणी, सप्टेंबरमध्ये अर्ज, असा क्रम आपोआप जुळतो. तुम्ही मात्र 'उपक्रम' घेता डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा हवा चांगली असते! दुसऱ्या सत्रात, अंदाजपत्रक जाहीर झाले की, त्या जाडजूड पुस्तकात आपल्या कामाची ओळ शोधायला मुलांना बसवावे. ओळ सापडली म्हणजे काम झाले, असेही नव्हे. पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज), निविदा, कार्यादेश अशा पायऱ्या असतात आणि मार्च जवळ आला की वर्गीकरण होऊन तेच पैसे भलत्याच कामाकडे वळतात. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची 'स' यादी आणि नागरिकांनी सुचवलेली कामे शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर वर्गात वेगळे काही शिकवावे लागणार नाही.

आणखी एक सोय आहे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत, माहिती अधिकाराचा अर्ज न करता, कार्यालयातील कागदपत्रे नागरिकांना पाहता येण्याची. ती सध्या चालू आहे का, ते आधी विचारून घ्यावे. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती. राज्य शासनाने २०१८ मध्ये ती इतरत्रही लागू केली. मी नोकरीत असताना सोमवारी ठरलेले चार-पाच निवृत्त गृहस्थ येत. आता मीही त्यांच्यातलाच एक आहे. वीस वर्षांचा एखादा मुलगा तिथे फाइल चाळताना दिसला तर आम्हा सर्वांनाच बरे वाटेल.

प्रतिसाद : कॉट बेसिस

मी नांदेड जिल्ह्यातून शिकायला आलो आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, राहतो. दुसऱ्या एका महाविद्यालयात हाच विषय गेल्या वर्षी मी पूर्ण केला. आम्हाला 'समुदाय' म्हणून एक वस्ती दाखवण्यात आली आणि आम्ही फॉर्म घेऊन गेलो. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, "एका खोलीत किती व्यक्ती राहतात?" तिथे एका घरात पाच जण होते. आमच्या खोलीत सात आहेत, पाणी सकाळी दीड तास येते आणि मालक भाडेकरार करून देत नाहीत. पण आम्ही समुदाय नव्हतो, आम्ही पाहणी करणारे होतो. मॅडमना विनंती आहे की मुलांना दुसऱ्यांच्या अडचणी मोजायला पाठवण्यापूर्वी एकदा त्यांच्या स्वतःच्या विचाराव्यात.

मतदार जागृतीच्या फेरीत मीही घोषणा दिल्या होत्या. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थाप्रमुखांच्या प्रमाणपत्रावर इथल्या यादीत नाव नोंदवता येते, नाव एकाच ठिकाणी ठेवायचे असते, आणि नोंदणीसाठी आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक (वयाची १८ वर्षे पूर्ण झाली का, हे ज्यावरून पाहतात त्या तारखा) आहेत, हे त्या फेरीत कोणी बोलले नाही. ते मला मेसमध्ये एका मित्राकडून कळले.

प्रतिसाद : वस्तीतली जुनी ताई

मी बरीच वर्षे प्रौढ शिक्षणाच्या कामात होते, म्हणून थोडे मागचे सांगते. विद्यापीठाने समाजात उतरणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण पुण्यातच घडलेले आहे आणि पुण्यातल्या विद्यार्थ्यांनाच ते बहुधा माहीत नसते.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने, कर्वे रस्त्यावरच्या आपल्या आवारातून, कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये शिक्षणाचे काम सुरू केले. या बायका पहाटे बाहेर पडत, कचराकुंड्यांत उतरून कागद, काच, पत्रा वेचत आणि दुपारनंतर तो माल निवडून भंगारवाल्याला घालत. संध्याकाळी अक्षरे गिरवायला त्राण कोणाला असणार? विभागातल्या लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने यांच्यासारख्या शिकवणाऱ्या बायका त्यांच्याबरोबर फिरू लागल्या, तेव्हा अडचण निराळीच दिसली. सुका कचरा घरातूनच वेगळा मिळाला तर कुंडीत उतरावे लागणार नाही, आणि जवळ ओळखपत्र असले तर चोर समजून कोणी हुसकणार नाही, एवढे त्यांना हवे होते. विद्यापीठाच्या विभागाने ओळखपत्रे दिली. त्यातूनच १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली आणि २००८ मध्ये त्याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. आज सकाळी तुमच्या दाराशी ढकलगाडी घेऊन जी येते, तिच्यामागे ही सगळी हकिकत आहे.

विभाग अक्षरे शिकवायला गेला होता. बायकांनी त्याला दुसरेच काम सांगितले आणि त्याने ते अंगावर घेतले. तुमच्या ६० तासांत असे काही उभे राहणार नाही, हे मला कळते. त्याला वर्षे लागली. पण मुले दर वर्षी बदलतात म्हणून वस्तीही दर वर्षी बदलायची, हे कोणी सांगितले? वस्ती तीच ठेवा. पहिल्या तुकडीने जिथे सोडले तिथून पुढच्या तुकडीने उचलावे आणि ते लिहून ठेवण्याचे काम तुमच्या विभागाने करावे. त्या लसूण सोलणाऱ्या मावशींना पहिल्यांदा जुना अहवाल नेऊन वाचून दाखवा. पाहणी करणे यात काही वावगे नाही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनीही गोखले अर्थशास्त्र संस्थेतून पुणे शहराची घरोघर पाहणी केली होती. पण ती छापून लोकांसमोर आली होती, कपाटात राहिली नव्हती.

वर्गाबाहेर

सर्वांचे आभार. 'कॉट बेसिस' यांनी लिहिलेले वाचून मला संकोच वाटला, कारण आमच्या फॉर्ममध्येही तोच प्रश्न होता आणि पाहणी करणाऱ्यांपैकी निम्मी मुले तशाच खोल्यांत राहतात. वस्ती तीच ठेवण्याचे पटले. मात्र दोन शंका राहतात. पदपथ दुरुस्त झाला नाही तर मुलांना गुण कशाचे द्यायचे? आणि चाळीस मुलांनी पालिकेकडे अर्ज सुरू केले की दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर कोणाचा तरी फोन येणार, हे नक्की.

प्रतिसाद : शिबिरवाला

मी राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास आणि ७ दिवसांचे निवासी शिबिर हा तिचा साचा आजही चालू आहे. त्या साच्यातून मनापासून काम करणारी मुले मी पाहिली आणि एकाच गावात सलग तीन वर्षे तोच बंधारा दुरुस्त करणारी महाविद्यालयेही पाहिली. 'दत्तक गाव' हा शब्द तर मला कधीच रुचला नाही. ज्या गावात आपण चुलीवरचे आयते जेवतो आणि कोणाच्या तरी ओसरीवर झोपतो, त्या गावाला आपण दत्तक कसे घेतले?

उपअभियंता साहेबांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. अर्ज करायला शिकवणे सोपे आहे, आणि मुलांना त्याची चटक लागली की ती तक्रारदार होतात, नागरिक होतातच असे नाही. वस्तीच्या वतीने बोलण्याचा अधिकार या मुलांना दिला कोणी, हे आधी पाहावे. याच शहरात १८७० मध्ये लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. माझ्या मते तुमच्या विद्यार्थ्यांनाही हीच अट घालावी. पन्नास नको, वीस सह्या पुरेत, पण त्या रहिवाशांच्या हव्यात आणि अर्ज त्यांना वाचून दाखवून, त्यांना हवे ते बदल करून मगच घेतलेल्या हव्यात. एका सहीसाठी तीनदा जावे लागते. कोणी म्हणते, मुलाला विचारून सांगते. कोणी म्हणतो, आधीच्यांनी पण सह्या नेल्या होत्या. गुण या येरझाऱ्यांचे द्यावेत. रोजची नोंदवही ठेवायला लावावी : कोणाला भेटलो, काय विचारले, काय उत्तर मिळाले, कुठे चुकलो. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून वस्तीतल्या एका व्यक्तीला बसवावे. आम्ही एकदा असे केले होते. एका आजींनी विद्यार्थ्याला विचारले, "माझं नाव काय, सांग बघू." त्याला सांगता आले नाही आणि त्याची नोंदवही मात्र सुवाच्य होती.

आता 'राजकारण नको' याबद्दल. पक्षाचा प्रचार नको, एवढाच त्याचा अर्थ असेल तर अट योग्यच आहे आणि ती लेखी घ्यावी, म्हणजे फोन आल्यावर प्राचार्यांनाही उपयोग होईल. पण मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असे ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत लिहिलेले असताना. हे वर्गात सांगणे राजकारण मानायचे का? विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे, त्यांचे पती जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हेही मग वगळावे लागेल. आणि घरचीच गोष्ट पाहा : २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांची तरतूद केली, २०१९ मध्ये त्या जाहीर होऊन पुढे ढकलल्या गेल्या. ज्या मुलाने स्वतःच्या महाविद्यालयाचा प्रतिनिधी कधी मतदानाने निवडला नाही, त्याला आपण मतदानाच्या फेरीत पुढे फलक धरायला लावतो.

निवृत्त उपअभियंता

सह्यांचा मुद्दा मान्य. कार्यालयातही वीस सह्यांच्या अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते, हे मी खात्रीने सांगतो. चाळीस मुलांनी चाळीस अर्ज करू नयेत. एक अर्ज, आणि त्याचा पाठपुरावा आळीपाळीने. एक सांगायचे राहिले. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊनच खिडकीवरून हलावे. "ठेवून जा, साहेब आले की देतो" असे कोणी म्हणाले तर ठेवून जाऊ नये. पोच नसलेल्या अर्जाला आमच्याकडे गप्पा म्हणत.

वर्गाबाहेर

काल विभागाच्या बैठकीत इतके ठरले. या वर्षीची तुकडी कोणताही नवा फॉर्म घेऊन जाणार नाही. पहिले चार तास वर्गातच, स्वतःच्या खोल्या, मेस आणि बस यांविषयी बोलण्यात जातील. नंतर ११२ घरांचा जुना अहवाल वस्तीत वाचला जाईल. त्यासाठी दोन विद्यार्थिनींनी आलेख बाजूला ठेवून त्याचे चार पानी, मोठ्या टायपातले मराठी केले आहे. वाचताना त्यांच्या लक्षात आले की अहवालात पाण्याची वेळ आहे, संडासाचे अंतर आहे, पण "तुम्हाला यांतले आधी काय व्हायला हवे?" हा प्रश्न कुठेच नाही. तो आता विचारू, आणि सहभागी अर्थसंकल्पाच्या अर्जात काय जाईल ते त्या उत्तरावर ठरेल. पदपथ कदाचित निघणारही नाही त्यातून.

एक अडचण अशी निघाली की आमचा तास शनिवारी सकाळी ११ चा आहे, आणि वस्तीतल्या बहुतेक बायका त्या वेळी कामावर असतात. संध्याकाळी सातनंतर त्या भेटतील, असे मावशींनीच सांगितले. त्यामुळे तास बदलून मिळावा म्हणून उपप्राचार्यांकडे अर्ज केला आहे. दोन प्रती नेल्या होत्या. दुसरीवर आवक क्रमांक घेतला.